नावेचा तळ

चौकटीला हात टेकवून ती चप्पल काढत होती, आणि हाताचा अंगठा आत गेला. दुखलं काहीच नाही. दुधावरची साय फुटावी तसा रंगाचा पापुद्रा फुटला आणि आत लाकूड नव्हतंच, पीठ होतं, कोरडं आणि किंचित उबदार. मंजुळाबाई एका पायावर तशीच उभी राहिली. घरमालकानं दिवाळीला चौकटीला हिरवा ऑइलपेंट दिला होता. सहा महिने रोज दुपारी टेलिफोन एक्स्चेंजमधून ड्यूटी संपवून आल्यावर ती नेमका याच जागी हात टेकवत आली होती, आणि रोज तिथं लाकूड होतं. की नव्हतंच, आणि हाताला रंगाचाच आधार वाटत होता? अंगठ्याच्या पेरावर वाळवीचं भुरकट पीठ चिकटलं होतं. ते पुसावं असं तिला वाटेना. आतून झुलालचा आवाज आला, "अक्का, उनी का?" तिचा धाकटा भाऊ गावाहून आला होता. किल्ली शेजारी असते हे त्याला ठाऊक होतं. खाटेवर तो ऐसपैस बसला होता आणि पायाशी नव्या दोराचं भलंमोठं वेटोळं होतं. काथ्याचा तो कोरा वास खोलीभर पसरला होता. दोर कशाला घेतलास, असं विचारायच्या आधीच तिला उत्तर कळलं होतं.

गावासाठी नाव बघितली होती त्यांनी. धामणखेडे तापीच्या दक्षिण काठावर, हायस्कूल पल्याडच्या काठावर. उन्हाळ्यात माणसं गुडघाभर पाण्यातून चालत जात, पण मृगापासून पौषापर्यंत नावेवाचून गत नव्हती, आणि गावची नाव मागच्या पुरात खडकावर आपटून गेली होती. पुलावरून जायचं तर अकरा मैलांचा फेरा. शिरपूरला भिकमचंद म्हणून एक व्यापारी होता, वाळूच्या कामासाठी घेतलेली एक जुनी नाव त्याच्याकडे पडून होती. सव्वीस फुटी. गावचे पाच जण जाऊन बघून आले होते, आता अक्षय्य तृतीयेला आणायची आणि पूजा करायची. "बठ्ठी सागनी शे, अक्का. खाल-वर बठ्ठा सागच," ती सगळी सागाची असल्याचं झुलाल सांगत होता, आणि त्याचा चेहरा लहानपणी यात्रेतून परतताना असायचा तसा झाला होता. "तू पूजाले ये. आबानी पोर म्हनीसन पह्यला नारय तू फोड."

"कोणी तपासली?" तिनं विचारलं.

"सांगं ना, आम्ही पाची जनसनी पाही."

"पाहिली म्हणजे काय केलंत?"

तो हसला. नावेत चढले, उड्या मारल्या, पाण्यात फिरवली, एक थेंब आत आला नाही. हिरवा रंग कसा चकचकीत. तळाला तर चक्क सिमेंट, पूर आला तरी हलायची नाही. मंजुळाबाईनं अंगठ्याकडे पाहिलं. नंतर ती म्हणाली, "झुलाल, जाणत्या माणसानं तपासल्याशिवाय ती नाव घ्यायची नाही."

त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "आपन भोई शेतस, अक्का. सात पिढ्या नावम्हा गयात. आते नाव पाहाले परका मानूस बलावाना?"

"आबांनीही पाहिली होती," ती म्हणाली.

हे वाक्य त्या खोलीत तिच्या तोंडून कधी आलं नव्हतं. कुठल्याच खोलीत आलं नव्हतं. झुलाल तेव्हा तीन वर्षांचा होता. त्याला ती नाव आठवत नाही, पाणी आठवत नाही, आत्या आठवत नाही. त्याला आठवतात ते नंतरचे आबा, ओट्यावर नदीकडे पाठ करून बसलेले, चौदा वर्षं. तिला मात्र सगळं आठवत होतं, आणि आठवणीचा त्रास असा की ती पाण्यापासून सुरू व्हायची नाही. ती सुरू व्हायची केसांतल्या आकड्यापासून. चौपन्न सालच्या चैत्रात आबांनी, म्हणजे तिच्या बापानं, जीवराम भोयानं, खालच्या अंगाच्या कुठल्याशा गावाहून एक जुनी नाव विकत आणली. ताज्या डांबरानं ती म्हशीसारखी काळी कुळकुळीत दिसत होती. आबांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, तळहातानं थोपटलं आणि मान हलवली. ती मान सगळ्या गावाला पुरेशी होती. दुपारी अकरा वर्षांची मंजुळा एकटीच त्या नावेत खेळत बसली. आबांची विधवा बहीण धुरपदाबाई घरी निजली होती, तिचा पितळी आकडा पोरीनं हळूच काढून आणला होता. काठाच्या फळीवर ती आकड्यानं रेघा ओढत होती. एके ठिकाणी आकडा घुसला. तिनं गंमत म्हणून दाबला, तर तो लोण्यात शिरावा तसा पार वाकणापर्यंत आत गेला. मग तो निघेना. ओढायला गेली तर वरचा भाग हातात आला आणि उरलेला आतच राहिला. तिनं बोटानं डांबर ओढून त्या जागेवर पसरलं, हात वाळूत घासले आणि घरी जाऊन गप्प बसली. आत्यानं दोन दिवस आकडा शोधला. मारायची नाही आत्या, पण तिचं ते शोधणंच मारापेक्षा वाईट होतं. लाकूड मऊ आहे हे सांगायचं म्हणजे आकडा कुठं गेला हेही सांगायचं. म्हणून तिनं दोन्ही सांगितलं नाही. श्रावणात बाजाराच्या दिवशी पल्याडून येताना, भर प्रवाहात, नाव उघडली. मंजुळा काठावर उभी राहून बघत होती. लाट आली नाही, दणका बसला नाही, कोणी ओरडलंही नाही सुरुवातीला. कापसाचं बोंड उकलावं तशी ती नाव चारी बाजूंनी शांतपणे उकलली आणि माणसं पाण्यात उभी असल्यासारखी दिसली. सहा माणसं गेली. त्यांत धुरपदाबाई. आबांना पाण्यानं परत आणून टाकलं. नदीनं घेतलं, असं गाव म्हणालं, आणि त्या म्हणण्यात सगळ्यांचीच सोय होती.

झुलाल गेला तो रागानंच गेला, दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून. जाताना दारात म्हणाला, "तुना मानूस लई आन. पन अखजीना पह्यले. लोके थांबाव नहीत." अखजी म्हणजे अक्षय्य तृतीया. हातात सोळा दिवस होते. ती रात्र तिनं कशी काढली याला काही महत्त्व नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती बोर्डापुढे बसली, कानांवर हेडफोन चढवला, आणि पहिले काही कॉल लावून झाल्यावर, लाइन जरा मोकळी दिसताच, म्हणाली, "सुरत, जळगाव बोलतेय." सुरतच्या ऑपरेटरला तिनं कधी पाहिलं नव्हतं. अकरा वर्षं त्या दोघी एकमेकींना गावाच्या नावानंच हाक मारत होत्या. मंजुळाबाईचा नवरा लाइनमन होता, खांबावरून पडून गेला, त्याच्या जागी ती इथं लागली, तेव्हापासून. या अकरा वर्षांत तिचे डोळे काही फारसं शिकले नव्हते, कान मात्र शिकले होते. लाइन जिवंत आहे की मेली, मेली तर कुठं मेली, अंमळनेरच्या अलीकडे की पलीकडे, माणूस खरंच घरात नाही की शेजारी उभा राहून नाही म्हणायला सांगतोय, हे तिला आवाजावरून कळायचं. "सुरत, एक विचारू? जुनी लाकडी नाव विकत घ्यायची तर ती तपासून देणारा माणूस कोण असतो?" सुरत म्हणाली, "सर्व्हेअर. आमच्या बंदरावर असतात. विम्यावाले पाठवतात त्यांना. थांब, जळगाव, विचारून सांगते." चार दिवसांनी नाव मिळालं. लल्लूभाई टंडेल, राहणार बिलिमोरा. चाळीस वर्षं गलबतं आणि मचवे तपासण्यात गेलेली, त्यांतली निम्मी मुंबईच्या गोदीत, त्यामुळे मराठी येतं. आता निवृत्त आहेत, पण येतील.

फोनवर त्यांचा आवाज कोरडा आणि सावकाश होता. प्रत्येक वाक्य संपल्यावर ते थांबत, लिहून घेतलं का हे बघण्यासाठी थांबावं तसे. "नाव पाण्यातून पूर्ण बाहेर काढा. आतलं सगळं सामान बाहेर. तळाच्या फळ्या उचलून ठेवा. आठवडाभर सुकू द्या. रंग मारू नका. आणि विकणारा माणूस हजर पाहिजे." तिनं फी विचारली, त्यांनी सांगितली, तिनं बरं म्हटलं. फोन ठेवताना ते म्हणाले, "बाई, एक समजून घ्या. मी नाव वाईट आहे हे सांगायला येत नाही. कशी आहे ते सांगायला येतो." हे वाक्य पुढं आठवडाभर तिच्या डोक्यात फिरत राहिलं, कारण तिच्या मनात नाव वाईट ठरून गेली होती. ती चांगली निघाली तर? लोक हसतील, झुलाल मान खाली घालील, तेवढंच. पण त्याहून खोल कुठंतरी तिला नाव वाईट निघायला हवी होती, आणि हे लक्षात आलं तेव्हा बोर्डावरची पिन तिच्या हातातच राहिली आणि धरणगावचा कोणी माणूस हॅलो हॅलो करत बसला. ती वाईट निघाली तर बत्तीस वर्षांपूर्वी अकरा वर्षांच्या पोरीला जे कळलं होतं ते खरं ठरणार होतं. आणि ते खरं ठरलं तर त्या पोरीचं गप्प बसणंही खरं ठरणार होतं. दोन्हीकडून हातात विस्तवच. तरी जायचं, हे तिनं ठरवलं होतं. आपल्याला काय हवंय याचा नावेशी संबंध नाही, असं तिनं स्वतःला स्पष्ट शब्दांत सांगितलं, आणि रजेचा अर्ज लिहिला.

नरडाणा स्टेशनावर ती जळगावकडून पॅसेंजरनं उतरली, लल्लूभाई सुरतेकडून. उंच, काळेसावळे, पांढरं धोतर, हातात कॅनव्हासची पिशवी. पिशवीतून लोखंडाचा आवाज येत होता. एसटीनं शिरपूरच्या अलीकडे तापीच्या पुलापाशी दोघं उतरली तेव्हा दहा वाजले असतील, पण ऊन बारासारखं. पुलाखाली वाळूत नाव ओढून ठेवली होती. भोवती झुलाल आणि गावची चार माणसं, बाभळीच्या सावलीत खुर्ची टाकून भिकमचंद. गोरटेला, साठीचा, कपाळावर केशराचा टिळा. त्यानं उठून नमस्कार केला, पाण्याचा लोटा पुढं केला. "बाई, तुम्ही एवढ्या लांबून माणूस आणला. माझं काही लपवायचं नाही. बघा, पोटभर बघा." त्याच्या आवाजात तिला खोट ऐकू आली नाही. हे तिला अनपेक्षित होतं. झुलाल तिच्याकडे न बघता पायानं वाळू उकरत होता.

लल्लूभाईंनी अर्धा तास नावेला हात लावला नाही. दुरून बघितली, मग नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, मग मागून, एक डोळा मिटून, सुई ओवताना बघावी तशी. पाठीचा कणा सरळ आहे का ते बघतो, म्हणाले. मग पिशवीतून छोटी हातोडी काढली आणि एकेका फळीवर टकटक सुरू केली, हातभर अंतर, पुन्हा टकटक. टण्ण, टण्ण, टण्ण. मंजुळाबाईनं डोळे मिटले. उन्हानं पापण्यांच्या आत लाल झालं होतं, आणि त्या लालीत फक्त तो आवाज उरला. नाव जणू एखादी लांब लाइन होती आणि हा माणूस एकेका खांबावर थांबून ती जिवंत आहे का विचारत होता. टण्ण, टण्ण. मग, मागच्या बाजूला खालून तिसऱ्या फळीवर, बद्द. तिनं डोळे उघडले. लल्लूभाईही थांबले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "ऐकलंत?" ती म्हणाली, हो. त्यांनी टोच्या घेतला, रंग खरवडला, टोच दिली. टोक पाऊण इंच आत गेलं. तिच्या तोंडाला पितळेची चव आली. पण ते शांतपणे म्हणाले, "ही एक फळी. बदलता येते. पावसाचं गोडं पाणी आत साठून राहतं, तिथं कुजते. नदीच्या पाण्यानं नाव बाहेरून भिजते, पण मरते ती आतल्या पाण्यानं." कागदावर त्यांनी काहीतरी टिपलं. झुलालनं दुसऱ्या एकाकडे बघून ओठ दाबले, एवढंच का, अशा अर्थानं.

मग ते नावेत चढले आणि तळाच्या सिमेंटवर उकिडवे बसले. हातोडी मारली. सिमेंटनं सिमेंटचाच आवाज दिला. "हे कोणी ओतलं?"

"माझ्या आधीच्या मालकानं," भिकमचंद म्हणाला. "मला अशीच मिळाली. वजनाला चांगलं असतं म्हणतात."

"फोडावं लागेल."

भिकमचंद उठून उन्हात आला. "शेठ, फोडायचं म्हणजे काय? फोडलं आणि खाली सगळं ठीक निघालं, आणि मग हे लोक नाव नको म्हणाले, तर मी फोडलेली नाव घेऊन बसू? मी म्हणतो, वरून काय दिसतं ते लिहा."

"वरून मला सिमेंट दिसतं," लल्लूभाई म्हणाले. "मी लिहीन, तळ पाहता आला नाही. खाली सही करीन. चालेल?"

झुलाल पुढं आला, तिच्याजवळ, आणि दबक्या आवाजात म्हणाला, "अक्का, जाऊ दे ना आते. इतला लोकेसम्हा... जून उना का शाळा सुरू व्हई, पोरे कशा जातीन? तू जळगावले ऱ्हास. आमले आठे ऱ्हावानं शे." त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच तिला ते जड गेलं. तो बरोबर होता. तिला नदी ओलांडायची नव्हती. बत्तीस वर्षांत तिनं एकदाही तापी नावेनं ओलांडली नव्हती. मामाकडे जळगावला शिकायला धाडलं तेव्हाही ती सुट्टीत गावी आली की काठापासून दूरच राहायची. पण नेमक्या याच क्षणी तिला कळलं की आपण मागं सरकणार नाही. धाडस असं त्यात काही नव्हतं. पाय वाळूत रुतल्यासारखे होते, एवढंच. ती भिकमचंदला म्हणाली, "फोडा. खाली लाकूड चांगलं निघालं आणि गावानं नाव घेतली नाही, तर होतं तसं सिमेंट मी भरून देईन. या सगळ्यांसमोर सांगते."

भिकमचंदनं पगडी सारखी करावी तसा डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "फोडा."

छन्नीनं फोडायला तासभर लागला. ढपले निघाले तसा खालून एक वास आला आणि तिचं मन एकदम रिकामं झालं. सागाचा वास. तेलकट, गोडसर, कोरा. लल्लूभाईंनी ओल पुसली, टोच्या मारला. टोक आत जाईना. दुसरीकडे मारला, तिसरीकडे. लाकूड पिवळंधमक होतं, काल कापल्यासारखं. सावलीतून कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले, सुटल्यासारखे, आणि झुलालही हसला. हसताना त्यानं तिच्याकडे पाहिलं, त्या नजरेत दया होती. मंजुळाबाईचे कान तापले. म्हणजे इतकी वर्षं आपण लाकडाला भीत आलो. एका फळीत एकदा आकडा घुसला आणि आपण जगातल्या सगळ्या लाकडावरचा विश्वास उचलला, आणि आता भर उन्हात पाच माणसांपुढं, एका परक्या व्यापाऱ्यापुढं, आपल्या मनातली कीड बाहेर काढून दाखवली. सिमेंट भरून देऊ, ती मनात म्हणाली. माफी मागू. नारळही फोडू. तिनं मान खाली घातली नाही, एवढंच तिला करता आलं.

लल्लूभाई मात्र हसले नव्हते. ते अजून उकिडवेच होते. त्यांनी पिशवीतून सांडशी काढली, फळी जिथं आडव्या बरगडीला ठोकली होती तिथला एक खिळा निवडला, त्याच्या डोक्याभोवतीचं काळं पडलेलं लाकूड टोकरलं, आणि खिळा धरून ओढला. जोर लावायची वेळच आली नाही. कणसातून दाणा निघावा तसा तो हातात आला. डोकं शाबूत, रुपयाएवढं, आणि खाली इंचभर काळी काडी, टोकाला सुईसारखी. बाकीचा खिळा नव्हताच. लाकडात त्याच्या जागी गंजाचा ओला चिखल होता. त्यांनी दुसरा ओढला. तिसरा. दहा-बारा ठिकाणचे ओढले, नाळेकडचे, मधले, मागचे. ते सगळे त्यांनी धोतराच्या सोग्यावर ओळीनं मांडले आणि सगळ्यांना जवळ बोलावलं.

"लाकडाला काही झालेलं नाही. साग आहे, अजून तीस वर्षं जगेल. पण खिळे लोखंडाचे. सिमेंटखाली ओल अडकली, ती खिळ्यांनी प्यायली. तुम्ही सगळ्यांनी लाकूड बघितलं, बरोबर बघितलं. पण फळीला फळीशी धरून ठेवणारं आता काही उरलेलं नाही. संथ पाण्यात ही नाव चालेल. तुम्ही उड्या मारल्या तरी चालेल. भरल्या नदीत, माणसं भरलेली असताना, बाजूनं जोर आला की..." त्यांनी दोन्ही तळहात जोडले आणि हळूच उघडले.

मंजुळाबाई वाळूत खाली बसली. कोणाच्या लक्षात आलं नाही, सगळे खिळे हातात घेऊन बघत होते. भिकमचंदनं एक काडी दोन बोटांत धरली, ती मोडली. "मला कोणी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. दुरुस्त होईल का, असं एकानं विचारलं. होईल, लल्लूभाई म्हणाले, सगळे खिळे काढून तांब्याचे मारायचे, तीन महिन्यांचं काम, आणि नव्या नावेइतका खर्च. जूनपर्यंत नाही. झुलालनं तीन-चार खिळे मुठीत घेतले, मूठ बराच वेळ मिटून ठेवली. मग तो भिकमचंदसमोर जाऊन उभा राहिला आणि तिनं सांगायची वाट न बघता म्हणाला, "शेठ, नाव आमले नको."

परतीच्या गाडीला वेळ होता. नरडाण्याच्या फलाटावर लल्लूभाईंनी मांडीवर पॅड ठेवून, कार्बन घालून, अहवाल लिहिला. बारीक, सुटं अक्षर. त्यांच्या हाताकडे बघत असताना तिनं त्यांना सगळं सांगितलं. आकडा, डांबर, श्रावण, नाव कशी उकलली. आयुष्यात पहिल्यांदा सांगत होती आणि ते इतकं थोडक्यात संपलं की तिलाच नवल वाटलं. मग तिनं विचारलं. आकडा काठाच्या फळीत घुसला होता, पाण्याच्या वर. नाव गेली ती त्या फळीमुळं नसेल ना? तीही खिळ्यांनीच गेली असेल? मी सांगितलं असतं तर आबांनी ती एक फळी बदलली असती, आणि नाव तरीही... हो ना?

लल्लूभाईंनी पेन थांबवलं. "बाई," ते म्हणाले, "जी नाव मी पाहिली नाही तिच्याबद्दल मी बोलत नाही. चाळीस वर्षांत बोललो नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून आज बोललो, तर हा कागदही तसलाच होईल." आणि त्यांनी पुढची ओळ लिहायला घेतली. तिला राग यायला हवा होता. आला नाही. पाणी फार तहानेनं मागावं आणि कोणी ते न देता विहिरीचा रस्ता दाखवावा, तसं काहीसं वाटलं. अकरा वर्षांची ती पोर निर्दोष आहे असं कोणी सांगणार नव्हतं, दोषी आहे असंही नाही. ती नाव तापीच्या गाळात होती आणि तिचा तळ फोडून बघायला आता कोणी जाणार नव्हतं. हे असंच घेऊन राहायचं. राहता येईल, असं तिला वाटलं. अहवालाची वरची प्रत तिच्या हातात देत ते म्हणाले, "कागद तुमचा. कोणाला दाखवायचा ते तुम्ही ठरवा."

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पाणी चढलं. धामणखेड्याची पोरं पहाटे उठून अकरा मैलांच्या फेऱ्यानं जाऊ लागली, आणि निम्म्या पोरी घरीच बसल्या. गावात मंजुळाबाईचं नाव निघत होतं, ते कसं निघत होतं हे झुलालनं लपवलं नाही. तांब्याच्या खिळ्यांची नवी नाव बिलिमोऱ्याला सांगितली होती, ती दिवाळीपर्यंत मिळायची होती. तोवर बोलणी खायची होती. आषाढात एका सकाळी गावच्या पोस्टातून त्यानं फोन लावला. "अक्का, काल शिरपूरले गयथू. ती नाव तठे नही. भिकमचंदनी इकी टाकी. नवं सिमेंट, हिरवावर आते निया रंग."

"कोणाला?"

"तो सांगस नही. नदीकाठना एखादं गाव व्हई."

भोवती बाकीच्या बायका पिना लावत होत्या, काढत होत्या, यावल, चोपडा, अंमळनेर. मग तिनं सुटीची वेळ होऊ दिली, डबा न उघडता बाहेर काउंटरवर गेली आणि ट्रंक कॉलचे फॉर्म भरायला बसली. तापीच्या दोन्ही काठांवर जिथं जिथं नावेचा उतार होता आणि पोस्टात फोन होता, ती गावं तिनं एकाखाली एक लिहिली. सुपरवायझर प्रमिलाबाईंनी फॉर्मांची चळत बघितली. "मंजुळाबाई, एवढे कॉल? स्वतःच्या नावावर?"

"हो. ऑर्डिनरी लावा. मी थांबते."

पहिल्या दिवशी चार लागले. पुढच्या दिवशी दोन, लाइनी पावसानं पडल्या होत्या. कुठं माणसं हसली, कुठं पोस्टमास्तरनं, बाई तुमचा काय संबंध, असं विचारलं. संबंध नाही, पण लिहून घ्या, असं तिनं प्रत्येकाला सांगितलं. पाचव्या दिवशी दुपारी, नवव्या गावाला, पलीकडून एक म्हातारा आवाज म्हणाला, "निळी का? हो, आली ना. चार दिवस झाले. घाटावर आहे."

"तळाला सिमेंट आहे?"

"असेल बुवा. मी कागदं बघणारा माणूस. थांबा, नाववालाच समोरनं चालला आहे. बोलावतो."

रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. मग नुसती लाइन, तिच्यातून येणारी पावसाची खरखर, आणि कुठंतरी दूर एक माणूस दुसऱ्याला हाक मारत होता. कॉलची तीन मिनिटं होत आली होती. काचेपलीकडून प्रमिलाबाईंनी भुवया उंचावून विचारलं. मंजुळाबाईनं हात वर करून चालू ठेवायची खूण केली. ओल्या पायांचा आवाज जवळ आला, कोणीतरी रिसीव्हर उचलला, आणि एक तरुण, घाईतला आवाज म्हणाला, "बोला. कोण बोलतं?"

तिनं लल्लूभाईंच्या कागदाची घडी उलगडली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.